पाकशाळेंतील फरासीस शब्द

गेल्या दिवाळींत आमची एक भाची चार दिवस आमच्याकडे घाटंजीस राहावयास आली होती. ही मुलगी एका मोठ्या शहरांत पाकविद्येच्या शाळेंत शिकते. सकाळीं फराळाचें ताट पुढें ठेवलें असतांहि ती एक लहानशी वही उघडून ओठांतल्या ओठांत कांहीं तरी घोकीत बसे. पहिल्यानें आम्हांस वाटलें, मुलगी स्तोत्र म्हणत आहे. जवळ जाऊन ऐकिलें, तों 'ब्र्युन्वाझ, झ्युलिएन, मीझाँप्लास' असा जप चाललेला! आम्हांस हंसूं आलें; पण तिच्या डोळ्यांत पाणी पाहून तें तेथेंच जिरलें. वर्गांत फळ्यावर लिहिलेला एक फ्रेंच शब्द तिनें अक्षरें दिसलीं तसा, 'बौक्वेट' असा, वाचला होता. शिकविणारे हंसले, त्यांच्यामागून वर्ग हंसला, आणि 'वऱ्हाडांतली दिसते' असा शेराहि कोणी मारला. खरा उच्चार 'बूके'. आणि त्या शब्दाचा पाकशाळेंतील अर्थ काय, तर रश्शांत सोडावयाची, दोऱ्यानें बांधलेली सुवासिक पाल्याची जुडी! "मामा, जुडी मला सगळ्यांहून चांगली बांधतां येते, नांव तेवढें घेतां येत नाहीं. सोडून देऊं का हें शिक्षण?" असें तिनें आम्हांस विचारलें.

त्या वेळीं 'वेडी आहेस' एवढेंच आम्ही म्हणालों. पण प्रश्न मनांतून जाईना. परक्या भाषेंतील शब्द वेडावांकडा उच्चारणें हा अपराध आहे काय? असल्यास तो आजवर कोणाकोणाच्या हातून घडला आहे? आणि नसल्यास तो शब्द नीट म्हणावयास शिकण्याची यातायात तरी कां करावी? स्वयंपाकघराचा इतिहास या तिन्ही प्रश्नांवर बराच प्रकाश पाडतो; म्हणून तो वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभ आमच्याच बाजारापासून करूं. वाघाडीकांठच्या या कापसाच्या गांवीं बटाट्यास आलू म्हणतात, पेरूस जांब म्हणतात, आणि कोथिंबिरीस सांबार म्हणतात. पुण्यामुंबईचा पाहुणा 'सांबारवडी' हें नांव ऐकून दक्षिणेकडील डाळीचें सांबार मनांत आणतो, आणि वडीचा पहिला घांस घेतल्यावर ओशाळतो. त्याचा 'बटाटा' शुद्ध मराठी आणि आमचा 'आलू' गांवढळ, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक पाहतां 'आलु' हा कंदवाचक संस्कृत शब्द आहे, आणि 'बटाटा' हा समुद्रापलीकडून आलेला पाहुणा आहे. पोर्तुगीजांनीं तो आमच्या किनाऱ्यास आणिला, पण तोहि त्यांचा स्वतःचा नव्हे. अमेरिकेकडील द्वीपांत तें रताळ्याचें नांव होतें. 'पेरू'ची गंमत याहून अधिक आहे. पोर्तुगीजांचा 'पेरा' म्हणजे नासपती. तें नांव आपण उचललें आणि अगदीं निराळ्या फळास देऊन मोकळे झालों! शब्द ज्या वाटेनें येतो, त्या वाटेवरच्या गांवांत तो मुक्काम करतो. गलबतांतून उतरलेला शब्द कोंकणांतून घाट चढून देशावर गेला. आम्हां वऱ्हाडकरांचें दळणवळण उत्तरेशीं अधिक, म्हणून आमच्या पदरीं उत्तरेचा आलू पडला. यांत शुद्ध कोण आणि गांवढळ कोण?

पोर्तुगीजांनीं इ. स. १५१० त गोवें घेतलें. वसईकडील मुलूख तर १७३९ त चिमाजी आप्पांनीं तो सोडवीपर्यंत त्यांच्याच ताब्यांत होता. इतक्या दीर्घ सहवासांत अननस, पपई, काजू, पाव हे खाण्याचे पदार्थ आले, त्यांच्यामागून परात, पिंप, घमेलें हीं भांडींहि आलीं. गोव्याचे विख्यात कोशकार सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद यांनीं १९१३ त प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत, पोर्तुगीज शब्द आशियांतील किती भाषांत शिरले आणि शिरतांना त्यांचीं रूपें कशीं पालटलीं, याचा विस्तृत हिशेब मांडला आहे. त्यांतील एकच उदाहरण आम्ही घेतों. पोर्तुगीज भाषेंत भाजलेल्या रोटीस जो शब्द आहे, त्याच्या अखेरीस 'आँव' असा नाकांतून निघणारा ध्वनि आहे. मराठींत त्याचा 'पाव' झाला. बोलीनें माल विकण्यास 'लेइलाँव' म्हणतात; मराठींत त्याचा 'लिलाव' झाला. दोन्ही ठिकाणीं नाकांतला सूर गेला आणि 'आव' राहिला. चूक ही एकेकाची एकेक तऱ्हेची असते. जेथें हजारों माणसें एकाच रीतीनें 'चुकतात', तेथें ती चूक नसून जिभेचा कायदा असतो.

आणि हा कायदा नेहमीं नाकातील सूर घालवतोच असेंहि नाहीं. अरबी-फारशींतील 'मुरब्बा' या शब्दांत अनुनासिकाचा लेशहि नाहीं. पण आमच्या आजीनें बरणी भरली ती 'मुरंब्या'ची! मसाला, शिरा, हलवा, बर्फी, पुलाव, शरबत, बदाम, पिस्ता, हे सारे त्याच दिशेनें आलेले. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशांत यवनी शब्दांस संस्कृत पर्याय दिले आहेत, आणि त्याच्या वर्गांत एक स्वतंत्र भोग्यवर्गहि आहे. राजकारभारांतले कांहीं शब्द त्या प्रयत्नानें बदलले. परंतु मुरंब्याच्या बरणीस कोणी हात लावूं शकलें नाहीं. माधव जूलियन यांनीं १९२५ त फार्शी-मराठी कोश सिद्ध केला, आणि पुढें तेच भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले. त्यांची आठवण येथें निघण्यास आणखी एक कारण घडलें. भाचीच्या वहींत गाजराच्या काडीसारख्या बारीक कापांस 'झ्युलिएन' असें नांव पाहून आमच्या घरांतील एका वडील माणसांनीं विचारलें, "म्हणजे, माधवरावांनीं भाजीहि चिरली कीं काय?" त्या दिवशीं ती प्रथमच मनापासून हंसली.

आतां प्रत्यक्ष फ्रेंचांकडे वळूं. मराठ्यांस ते अपरिचित नव्हते. आमच्या जुन्या कागदपत्रांत त्यांस फरासीस म्हटलें आहे. निजामाच्या पदरीं राहिलेला सेनापति ब्युसी आमच्या इतिहासांत 'मुसाबुसी' म्हणून येतो. यांतील 'मुसा' हें नांव नव्हे. 'महाशय' या अर्थाचा फ्रेंचांचा 'मस्यो' हा शब्द आहे. पुढें हैदराबादेंतील रेमाँ या फ्रेंच सरदारास हिंदु लोक 'मूसाराम' आणि मुसलमान लोक 'मूसा रहीम' म्हणत. तेथील मूसारामबाग हें नांव त्याचीच आठवण सांगतें. ज्याचें नांव बिघडविलें, त्यास प्रेमानें आपल्यांत ओढून घेतलें, असा हा प्रकार! फ्रेंच तऱ्हेच्या कवायती पलटणींतील शिपायास आपण 'गारदी' म्हणूं लागलों. त्याचें मूळ पहाऱ्यास लावावयाच्या 'गार्द' या शब्दांत आहे. बुसीच्या पद्धतीनें तयार झालेला इब्राहिमखान गारदी १७६१ त पानिपतावर मराठ्यांच्या बाजूनें लढला, आणि १७७३ त शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा घात झाला तोहि गारद्यांच्या हातून. १७७७ त सें ल्यूबें नांवाचा फ्रेंच वकील पुण्यास नाना फडणिसांकडे येऊन राहिला. तथापि एवढ्या परिचयांतून मराठी स्वयंपाकघरांत एकहि पदार्थ आल्याचें दिसत नाहीं. कारण उघड आहे. पोर्तुगीज आमच्या किनाऱ्यावर घरें करून राहिले. फरासीस तोफा घेऊन आले आणि गेले. जो ज्या दारानें येतो, त्याचे शब्दहि त्याच दारानें येतात.

फ्रेंच पाकशाळेचे शब्द आमच्याकडे आले ते इंग्रजांचें बोट धरून. १०६६ त नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकलें, आणि तेथील दरबाराची व मुदपाकखान्याची भाषा फ्रेंच झाली. मेंढी रानांत चरत असे तोंवर तिचें नांव सॅक्सन. ताटांत वाढली गेली कीं फ्रेंच 'मूताँ'वरून तिचें 'मटन' होई. राबणाऱ्याचा शब्द गोठ्यांत राहिला, जेवणाऱ्याचा शब्द मेजावर गेला! सूप, सॉस, बिस्किट, कटलेट, ऑम्लेट, हे शब्द असेच फ्रेंचमधून इंग्रजींत आणि इंग्रजींतून आमच्याकडे आले. 'बिस्किट' म्हणजे दोनदां भाजलेलें. घाटंजीच्या बसथांब्यावर चहाच्या टपरीसहि आपण 'हॉटेल' म्हणतों. तो फ्रेंच शब्द फ्रान्समध्यें 'ओतेल' असा उच्चारतात, म्हणजे आरंभींचा हकार तेथें मुकाच असतो. इंग्रजांनीं तो हकार बोलता केला, आणि त्याबद्दल त्यांस कोणी वर्गाबाहेर काढल्याचें ऐकिवांत नाहीं. येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. १८७५ त रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें 'सूपशास्त्र' हें मराठी पाकपुस्तक निघालें. त्यांतील संस्कृत 'सूप' आणि फ्रेंचांचें 'सूप' यांचा संबंध केवळ उच्चारावरून गृहीत धरूं नये. ध्वनि जुळला म्हणून सोयरीक जुळत नाहीं.

मग आजहि या विद्येच्या शाळांत फ्रेंच शब्दच कां? याचें कारण असें कीं, रांधण्याच्या कृतींस नेमकीं नांवें देऊन त्यांची शिस्तवार मांडणी करण्याचें काम फ्रेंचांनीं फार आधीं हातीं घेतलें. ला वारेन याचा पाकग्रंथ १६५१ तला; कारेम हा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं राजेरजवाड्यांचा बल्लवाचार्य होता; आणि एस्कोफिए यानें लंडन-पॅरिसच्या मोठ्या हॉटेलांत अनुभव घेऊन १९०३ त आपला प्रचंड मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध केला. योगायोग असा कीं, मुंबईचें ताजमहाल हॉटेलहि त्याच १९०३ सालीं उघडलें. पुढें १९५४ त लीलावती मुनशी यांच्या पुढाकारानें मुंबईंत पाकव्यवसायाचें पद्धतशीर शिक्षण देणारी संस्था निघाली, आणि तेथून ही परिभाषा हिंदी विद्यार्थ्यांच्या वहींत आली. गवयास जशीं रागांचीं नांवें, तशीं आचाऱ्यास हीं नांवें. 'झ्युलिएन' म्हटलें कीं काडीसारखे काप, 'ब्र्युन्वाझ' म्हटलें कीं डाळिंबाच्या दाण्याहून लहान चौकोनी फोडी, 'रू' म्हटलें कीं लोण्यांत परतलेलें पीठ, आणि 'मीझाँप्लास' म्हटलें कीं चूल पेटविण्यापूर्वींची सारी सिद्धता. चार देशांचे आचारी एका चुलीपुढें उभे राहिले, तरी घोटाळा होत नाहीं.

पण हे फ्रेंच तरी दुसऱ्यांचे शब्द जसेच्या तसे उच्चारीत आले काय? त्यांचा साखरेचा 'स्युक्र' हा आमच्या शर्करेचा पणतू आहे. ती इराणांतून अरबांकडे आणि अरबांकडून युरोपांत गेली. खडीसाखरेस ते 'काँदी' म्हणतात, ती आमची 'खंड'. संस्कृत नारंग फारशी-अरबी वाटेनें तिकडे गेलें, वाटेंत आरंभींचा 'न' सांडला, आणि 'ओराँझ' झालें. आल्याची कथा सर्वांत लांबची. द्राविड भाषांतील शब्द संस्कृतानें घेतला आणि 'शृंगवेर' केला. शिंगासारखें दिसतें म्हणून तें नांव, अशी व्युत्पत्तीहि मागाहून बसविली. तो ग्रीकांनीं घेऊन 'झिंगिबेरिस' केला, आणि फ्रेंचांनीं त्याचें 'झँझाँब्र' केलें. ऑम्लेटची गोष्ट तर घरचीच आहे. सुरीच्या पात्यास 'लमेल' म्हणत. त्यामागें लागणारें 'ला' हें उपपद लोकांनीं भलतीकडे तोडलें, त्यांतला 'अ' शब्दास चिकटला, आणि 'अलमेल', 'अमलेत' असें होत होत 'ऑमलेत' झालें. स्वतःचा शब्द स्वतःच चुकून तोडला, आणि आज त्याच चुकीवर परीक्षेंत गुण मिळतात!

याहून बोधप्रद अशी हकीकत त्यांच्या लेखनपद्धतीची आहे. 'बूके'च्या शेवटीं लिहिलेला 'त' पूर्वीं उच्चारांत होता. पुढें जिभेनें तो टाकिला, लेखणीनें ठेविला. फ्रेंच अकादमी १६३५ त स्थापन झाली, आणि तिच्या शब्दकोशाचें लेखन कसें असावें याचा विचार १६७३ त चालला असतां जुनें लेखन ठेवण्याच्या बाजूनें एक कारण उघडपणें नमूद झालें: त्यायोगें विद्वान लोक अडाणी माणसांहून आणि साध्याभोळ्या बायकांहून वेगळे ओळखूं यावे! म्हणजे आमची भाची ज्या खड्ड्यांत पडली, तो तेथें अपघातानें राहिलेला नव्हता. उच्चारांचें तरी काय? 'ब्र्युन्वाझ', 'क्र्वासाँ' यांतील 'वा' आज प्रतिष्ठित आहे. पण अठराव्या शतकांत दरबारी लोक तेथें 'वे' म्हणत, आणि 'वा' हा पॅरिसच्या सामान्य लोकांचा उच्चार समजला जाई. १७८९ ची राज्यक्रांति झाली, दरबार गेला, आणि रस्त्यावरचा 'वा' सिंहासनावर बसला. आज जो 'वा' म्हणत नाहीं त्यास हंसतात. त्या काळीं जो म्हणे त्यास हंसत.

आम्हीं मराठी माणसांनीं फ्रेंचांच्या मुक्या अक्षरांस हंसावें असेंहि नाहीं. 'नाहीं', 'केलें', 'घरांत' यांवर आपण पिढ्यान्‌पिढ्या अनुस्वार देत आलों. एके काळीं ते नाकांतून उच्चारले जात, कोंकणांत कोठें कोठें अजूनहि ऐकूं येतात. पण इतरत्र ते केवळ कागदावर राहिले, आणि १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नवीन नियमांनीं त्यांस निरोप दिला. हा लेखहि आम्ही जुन्याच वळणानें लिहीत आहों. संवय सुटत नाहीं, एवढेंच त्याचें समर्थन. फ्रेंच शब्दांतील खरा नाकांतला सूर मात्र आम्हीं चंद्रबिंदूनें दाखविला आहे, कारण तो मुका नाहीं.

एवढें ऐकून कोणी म्हणेल, मग उच्चाराची पर्वाच कशाला? वाटेल तसें म्हणावें! आमचें मत तसें नाहीं. घरांत नांदून गेलेला शब्द आणि कामापुरता बोलाविलेला शब्द यांत भेद केला पाहिजे. 'पाव' आतां आमचा आहे. त्यावर आमच्या जिभेचा कायदा चालतो, आणि कोणी लिस्बनचा उच्चार शिकवूं लागल्यास त्यास नमस्कार करावा. पण 'मीझाँप्लास' हा अद्याप पाहुणा आहे. तो त्याच्या धन्याच्या भाषेंत बोलला तरच चार लोकांत उपयोगीं पडतो. पाहुण्याचें नांव नीट घेणें हा शिष्टाचार आहे, आणि तें प्रथमच नीट घेतां आलें नाहीं म्हणून लाज वाटूं देण्याचें कारण नाहीं. झ्यूल ब्लॉक नांवाच्या फ्रेंच पंडितानें मराठी भाषेच्या घडणीवर अत्यंत मोलाचा ग्रंथ लिहिला. तो १९२० त पॅरिसला निघाला, आणि वा. गो. परांजपे यांनीं तो मराठींत आणिला. ज्या भाषेंत 'ळ' नाहीं, त्या भाषेंत जन्मलेल्या या विद्वानानें आमच्या 'ळ'चा आणि दोन प्रकारच्या 'च'चा शोध घेतला. एकट्या 'चिंच' या शब्दांत दोन 'च' दोन तऱ्हेचे आहेत, हें आपल्या किती लोकांच्या ध्यानांत असतें? परका मनुष्य 'पुरणपोली' म्हणाला तर आपण कौतुकानें दुसरी पोळी वाढतों. तेवढें औदार्य आपल्याच खेड्यांतील मुलीस कां मिळूं नये? हंसण्यानें उच्चार सुधारत नाहीं. तोंड मात्र कायमचें मिटतें.

असो. उरलेले दोन दिवस आम्हीं मामा-भाचींनीं त्या वहीचे तीन रकाने पाडले. पहिल्यांत फ्रेंच लेखन, दुसऱ्यांत चंद्रबिंदूसह देवनागरी उच्चार, आणि तिसऱ्यांत आपल्या घरांतला त्या कृतीचा शब्द: चकत्या, फोडी, कीस, जुडी. फ्रेंचांचा घशांतला 'र' कांहीं केल्या साधेना. तेव्हां शेजारचे उर्दू जाणणारे वृद्ध गृहस्थ मदतीस आले. त्यांच्या 'ग़रीब'मधील 'ग़' त्याच्या अगदीं जवळचा निघाला, आणि फारशीनें फ्रेंचचें दार उघडून दिलें!

जातांना तिनें वर्गांतल्या मैत्रिणींसाठीं डबाभर सांबारवड्या नेल्या. आठ दिवसांनीं तिचा फोन आला, तेव्हां वडीचें नांव तिकडे काय सांगितलेंस, असें आम्हीं विचारलें.

"सांबारवडीच, मामा," ती म्हणाली. "पहिल्या वेळीं कोणालाहि नीट म्हणतां आलें नाहीं. मी हंसलें नाहीं. पुन्हां सांगितलें."